माथ्यावरची डबी

प्रिय अश्वजित,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. फोनवर तू बोलायला लागलास की तुझं सगळं बरोबर वाटायला लागतं. तुझा आवाज शांत, खालच्या पट्टीतला. मी चिडले की माझा चढतो, मग मूळ भांडण बाजूला राहतं आणि माझ्या आवाजावरूनच बोलणं सुरू होतं. कागदावर माझा आवाज तुला ऐकू येणार नाही आणि मध्येच "अगं, पण" म्हणायची सोयही नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच.

काल सालईखेड्याहून आले. भागीरथाबाईला दवाखान्यातून घरी आणलंय. अंगणात खाटेवर बसून असते. डावा पाय गुडघ्याखाली काढला हे तुला माहीत आहे, पण ते कसं दिसतं हे तुला माहीत नाही. लुगड्याचा काठ ती सारखा खाली ओढते, जिथे झाकायला आता काही नाही तिथेही. बकऱ्या दावणीला बांधलेल्या. जन्मात बांधून न राहिलेली ती जनावरं दिवसभर ओरडतात, आणि ती त्यांच्याकडे न बघता बसते. साठी ओलांडलेली ही बाई रोज टेकडी चढून जायची, आपण दोघं तिच्यामागे धापा टाकत जायचो.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे. कारण तुझ्या अहवालात ते लिहिलेलं नाही.

केळझर मागे टाकून रस्ता टेकड्यांत शिरला की फोनवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून जातात. सालईखेड्यात तर टॉवर असून नसल्यासारखाच. दिवसभर जंगलाच्या कडेला गुरं-बकऱ्या घेऊन फिरणाऱ्या माणसाला वाघ दिसला, पाय मुरगळला, साप चावला, तर गावाला कळणार कसं? एवढा साधा प्रश्न घेऊन आपण दोघं एमटेकच्या शेवटच्या वर्षी तिथे गेलो होतो. तू सिंदी रेल्वेचा आणि मी सिंदी मेघेची, गावाचं अर्धं नाव एकच. कॉलेजच्या हापिसातून आपलं टपाल कायम एकमेकांच्या गावी जायचं, आणि ते आणून द्यायच्या निमित्तानेच आपली ओळख झाली. सालईखेड्याने आपल्याला वेड्यात काढलं नाही, उलट जेवू घातलं. आपण साबणाच्या डबीएवढी रेडिओची डबी केली. टॉवर नको, तार नको. एका डबीने जवळच्या डबीला निरोप द्यायचा, तिने पुढच्या, असं करत निरोप ग्रामपंचायतीच्या छतावरच्या मोठ्या डबीपर्यंत पोचवायचा. ज्याच्या गळ्यात डबी तो स्वतःचा निरोप पाठवतो आणि त्याच वेळी इतरांचेही नेतो. संकट आलं तर लाल बटण दाबायचं, बस.

अवघड होतं ते वाटांचं. डब्या माणसांच्या गळ्यात, माणसं गुरांच्या मागे, आणि गुरं गवताच्या मागे. सकाळी जी वाट होती ती दुपारी नाही. सेलूच्या स्टँडसमोर चहा पीत आपण यावरून किती भांडलो! तू म्हणायचास, प्रत्येक डबीने सगळ्या वाटांचा तक्ता सतत ताजा ठेवावा. मी म्हणायचे, मग निरोप असो-नसो, दिवसभर त्या एकमेकींशी बडबडत बसतील आणि बॅटरी खातील. त्यापेक्षा निरोप निघेल तेव्हाच वाट विचारावी. तेवढं माझं ऐकलंस. पण सापडलेल्या वाटांतली कुठली घ्यायची? तुझं म्हणणं, सगळ्यांत कमी टप्प्यांची, म्हणजे निरोप सगळ्यांत आधी पोचेल. कागदावर तेच उत्तम दिसत होतं. सालईखेड्यात मात्र कमी टप्प्यांची वाट काढायला घेतली की ती दरवेळी भागीरथाबाईच्या गळ्यातूनच जायची. ती बकऱ्या घेऊन माथ्यावर बसते. तिथून दोन्ही बाजूंची खोरी दिसतात. अलीकडच्या खोऱ्यातला निरोप असो की पलीकडच्या, तिच्याकडे आला की पुढच्याच उडीत गावात. त्यामुळे सगळ्या गावाचं ओझं तिच्या डबीवर, आणि इतरांच्या डब्या संध्याकाळी भरल्या पोटानं घरी.

तेव्हा आपण एक नियम घातला. ज्या डबीची बॅटरी निम्म्यावर आली, तिने दुसऱ्यांचे निरोप न्यायचे नाहीत. उरलेली निम्मी तिच्या मालकिणीची. निरोपाला वळसा पडेल, दोन टप्पे जास्त लागतील, लागू देत. हा नियम तू लिहिलास, अश्वजित, मी नाही. माझ्यापेक्षा नेटका लिहिलास. त्या दिवशी परत येताना तू मोटरसायकल थांबवून म्हणालास की आपण आजवर शिकलो त्यातलं हे पहिलं शहाणपणाचं काम. मला त्या वेळी तू किती आवडला होतास हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते, कारण आज ते आठवलं की अंगाची आग होते.

पुढे तुला पुण्याची नोकरी लागली. गेलास, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी इथे कॉलेजात शिकवत राहिले, गावात जात राहिले. तू तिकडून डब्यांचा प्रोग्राम सांभाळायचास, पंचायतीच्या तारेच्या इंटरनेटवरून तो छतावरच्या डबीत आणि तिथून सगळ्यांना पोचायचा. अनुदान देणाऱ्या संस्थेचे पाहुणे संक्रांतीनंतर येणार असं ठरलं. आदल्या दिवशी रंगीत तालीम केली, तेव्हा निरोप वळसे घेत येत होते, पंचायतीतल्या पडद्यावर निरोपांचे ठिपके रेंगाळत होते. सरपंच सदाशिवरावांचा चेहराही पडला. तू पुण्यात बसून ते बघत होतास. मला म्हणालास, बघतो काहीतरी. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर निरोप असे झपाझप आले की त्यांनी टाळ्या वाजवल्या. सदाशिवरावांनी शाली दिल्या, एक तुझ्यासाठी माझ्या हाती पाठवली. मला वाटलं, तू काही नवीन युक्ती शोधलीस. विचारलं तर हसलास. मी खूश झाले रे. वर्गात पोरांना तुझं नाव सांगितलं.

तू फक्त तो नियम काढून टाकला होतास.

पाहुण्यांपुरता काढला असतास तर मी चिडले असते, भांडले असते, विसरले असते. पण पाहुणे गेल्यावरही तू तो परत घातला नाहीस. आकडे छान येत होते. निरोप वेळेवर, टप्पे कमी. अहवालात घालायला तुला तसाच महिना हवा होता. आणि तिकडे माथ्यावर भागीरथाबाईची डबी सकाळपासून साऱ्या गावाची ये-जा खांद्यावर घेऊन दुपारीच संपत होती. कोणाला कळणार? संध्याकाळी ती घरी यायची, सून काजल डबी चार्जिंगला लावायची, सकाळी परत हिरवा दिवा. मधल्या वेळात डबी मेलेली असते हे कळायला मधल्या वेळात संकट यावं लागतं.

ते आलं. दुपार कलली होती. एक करडू कपारीत अडकलं म्हणून ती खाली उतरली. वरचा दगड सुटला आणि पायावर आला. तिने लाल बटण दाबलं. अंगठा दुखेपर्यंत दाबत राहिली, असं ती सांगते. खालच्या खोऱ्यात श्रावण गुरं चारत होता. त्याची डबी जवळपास भरलेली होती, आणि तिच्या डबीत जीव असता तर पहिल्याच उडीत निरोप त्याला मिळाला असता. तो हाकेच्या पलीकडे होता, पण रेडिओच्या पलीकडे नव्हता. श्रावण हे आठवून आता टेकडीकडे जातच नाही. बकऱ्या एकट्या घरी आल्या, तेव्हा गावाला कळलं. तिचा दीर लहानू आणि चार-पाच जण शोधायला निघाले, अंधार पडल्यावर वाघाच्या भीतीने माथ्याच्या अलीकडेच अडले, आणि ती सापडली दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. रात्रभर शुद्धीत होती. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर लहानूला म्हणाले, काल आणलं असतं तर पाय वाचवता आला असता बहुतेक. लहानूने ते मला सांगितलं, आणि मी तुला सांगितलं, आठवतं?

दवाखान्यातून मी तिची डबी घेऊन कॉलेजात आले. खराब झाली असेल, असंच मला वाटलं होतं. उघडून बघितली तर आतला प्रोग्राम धडधाकट, फक्त आपला नियम जागेवर नाही. मी तुला लगेच विचारलं, आणि तूही लगेच सांगितलंस. माझ्याशी खोटं बोलला नाहीस. "चुकलंच, मयुरी," म्हणालास. मला तेव्हा तुझी कीव आली. चूक कोणाच्याही हातून होते. वाटलं, आता तूच गावात येशील, सगळ्यांसमोर सांगशील, आणि मी तुझ्या शेजारी उभी राहीन. बाबांनाही मी तसंच सांगून ठेवलं.

तू आला नाहीस. तुझा अहवाल आला. विभागप्रमुखांनी मला तो वाचायला दिला. घटनेबद्दल त्यात एकच वाक्य. "वापरकर्त्याने उपकरण चार्ज केलेले नव्हते." मी ते उभ्या-उभ्याच वाचलं. फोन केला तर तू म्हणालास, "अगं, तिचं नाव कुठे लिहिलंय?" म्हणालास, "खरं लिहिलं असतं तर अनुदान बंद झालं असतं. मग गावात कोणाच्याच गळ्यात डबी राहिली नसती. हे चाललं असतं तुला?" आणि मग हळूच, "तिचा पाय तर परत येणार नाहीये ना." त्या शेवटच्या वाक्यानंतर मी फोन ठेवला, तो आजवर उचललेला नाही.

तिचं नाव लिहिलं नाहीस. अरे, त्या टेकडीवर पाय गमावलेली दुसरी कोण आहे? ते वाक्य पंचायतीत पोचलं. सदाशिवरावांनी सभेत सांगितलं की डबी चार्ज करणं ही ज्याची त्याची जबाबदारी आहे, पुन्हा असं होता कामा नये. सगळ्यांनी माना वळवून लहानूकडे बघितलं. काजल आधीच घाबरलेली. डबी लावायचं काम तिचं, आपल्यावर येऊ नये म्हणून ती दवाखान्यातही सासूवर ओरडायची. "तुमालेच नाई समजत. बटन तुमीच बंद केलं असन." आणि तिथेच, पाय काढल्याच्या दहाव्या की बाराव्या दिवशी, भागीरथाबाईने माझा हात धरून मला काय म्हटलं माहीत आहे? "माहंच चुकलं असन, पोरी. काजलनं लावली होती मले वाटे. तुमी इतकी मेहनत केली, अन् माह्यापायी तुमचं नाव खराब झालं." ती माझी माफी मागत होती, अश्वजित. तुझी आणि माझी.

तेव्हा मी तिला काही बोलले नाही. ताप होता, टाके होते. पण त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. वर्गात फळ्यावर वाटांच्या पद्धती लिहिते, कमी टप्प्यांची, जास्त टिकणारी, ओझं वाटून घेणारी. पोरं वहीत उतरवून घेतात आणि मला वाटतं, खडू फेकून द्यावा. चूक केलीस ती नाही इतकी लागली मला. ती चूक उचलून तू अशा बाईच्या पदरात टाकलीस, जिला ती परत करता येणार नाही. प्रोग्राम वाचता येत नाही, अहवाल वाचता येत नाही, तुझ्याशी इंग्रजीत भांडता येत नाही. बाकी कोणाच्याही पदरात टाकली असतीस, माझ्यासुद्धा, तर मी समजू शकले असते. आपण दोघंही अशाच घरांतून आलो ना रे? आपल्या आज्यांवर कोणी काहीही ढकलायचं आणि त्या मान खाली घालायच्या, हे ऐकत मोठे झालो. तू तर चौदा एप्रिलला जयंतीच्या भाषणात हेच सांगायचास, आणि लोक रडायचे.

काल मी सांगितलं. आधी घरात, काजल आणि लहानूसमोर, मग सदाशिवरावांना बोलावून घेऊन अंगणात, जमतील तेवढ्या माणसांसमोर. नियम काय होता, का होता, कोणी काढला, डबी का मेली. अवघड शब्द वापरले नाहीत. सगळ्यांना कळलं. काजल ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. सदाशिवराव म्हणाले, "हे असं चारचौघांत सांगाची गरज होती का, मॅडम? प्रकल्पाची बदनामी होते." मी म्हटलं, हिची झाली ती चारचौघांतच झाली.

भागीरथाबाई आधी लुगड्याचा काठ ओढत राहिली. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे पोरी. मनातून मला तेच हवं होतं बहुतेक, तुझ्यासाठी. तसं झालं नाही. ती भडकली. मी तिला कधी आवाज चढवताना बघितलं नव्हतं. "मंग मी इतके दिवस सुनेचं बोलणं काऊन खाल्लं? गावाचं काऊन खाल्लं? मले रात्रीले झोप नाई, मीच बटन बंद केलं का, मीच का, इचार करून करून डोकं फुटून राह्यलं." मी परत आणून दिलेली डबी उशाशी होती, ती तिने उचलून अंगणात भिरकावली. बकऱ्या दचकल्या. लहानू उठला, तर त्यालाही तिने बसवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तो पोरगा माह्या चुलीपाशी बसून जेवला. त्याले मी माह्या हातानं भाकर वाढली. त्यानं काऊन नाई सांगतलं?" तिने परत विचारलं. "सांग ना. तुले तं माहीत असन. काऊन नाई सांगतलं त्यानं?"

मला माहीत नाही, अश्वजित. खरंच माहीत नाही. तुझ्या बाजूने बोलायचं सोडून मी उठले आणि अंगणात पडलेली डबी उचलून आणली.

आता मी काय केलं ते ऐक, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. नियम मी सगळ्या डब्यांत परत घातला आहे, आणि तो पुण्याहून काढता येणार नाही अशी व्यवस्था केली आहे. संस्थेला माझ्या सहीने कळवलं आहे की अहवालातलं ते वाक्य खोटं आहे, आणि खरं काय घडलं ते. विभागप्रमुख माझ्याशी बोलत नाहीत. अनुदान बंद होईल कदाचित, तू म्हणत होतास तसं. झालं तर मी आणि श्रावण मिळून जेवढ्या डब्या चालवता येतील तेवढ्या चालवू. माथ्यावर आता कोणी बसत नाही, त्यामुळे वाटा नव्याने शोधाव्या लागतायत. निरोप सावकाश येतात. येऊ देत.

आणि आता ज्यासाठी हे पत्र. येत्या रविवारी तुझे आई-बाबा, काका, मामा आमच्याकडे साक्षगंधाला, आपली सोयरीक पक्की करायला, येणार आहेत. आईने साडी आणली, बाबांनी विहाराच्या बाजूचा हॉल सांगून ठेवला. काल रात्री घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि एवढंच म्हणाले की, ठरव तू. मी ठरवलं आहे. रविवारी तुमच्याकडून कोणी येऊ नये. तुझ्या आईला हे मी फोन करून सांगणार नाही, तू सांग, आणि कारणासकट सांग. माझ्यावर तुझा अजून काही हक्क आहे असं तुला वाटत असेल, तर रविवारी तू एकटा ये. आमच्या दाराशी नाही. केळझरवरून सरळ सालईखेड्याला जा, तिच्या खाटेसमोर जमिनीवर बस, आणि तिने काल मला जे विचारलं त्याचं उत्तर तिला दे. ती माफ करणार नाही. मी तिला तसं करायला सांगणारही नाही. ती तुला शिव्या देईल, कदाचित काठी मारेल, हाताशी असते तिच्या. उठून जाऊ नकोस. त्यानंतर आपलं काय होईल हे मला आज सांगता येत नाही. मी तिथे असेन, अंगणाच्या कडेला, बकऱ्यांपाशी. तू आला नाहीस तर सोमवारी बाबा हॉलवाल्याला नको म्हणून कळवतील, आणि हे माझं तुला शेवटचं पत्र असेल.

रविवारपर्यंत तुझी,
मयुरी